गुराख्याची धून आणि सैनिकाचे अश्रू

१/
स्वित्झर्लंड, इ.स. १६८८. बाझल विद्यापीठात योहानेस होफर या १९ वर्षांच्या विद्यार्थ्याने वैद्यकशास्त्राचा एक छोटा प्रबंध सादर केला. त्यात एका तरुणाची हकिकत येते. बर्नहून बाझलला शिकायला आलेला हा तरुण अंथरुणाला खिळला. ताप हटेना. त्याच्यासाठी प्रार्थना सुरू झाल्या. अखेर त्याला गावाकडे रवाना केले, आणि बर्न गाठण्यापूर्वीच तो बरा होऊ लागला.

२/
या आजाराला लोकभाषेत नाव होते, शास्त्रात नव्हते. होफरने दोन ग्रीक शब्द जोडले: 'नोस्तोस' म्हणजे घरी परतणे, 'आल्गोस' म्हणजे वेदना. असा 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द जन्मला. आज तो जुन्या दिवसांच्या गोड आठवणींसाठी वापरतात. जन्मला तेव्हा ते एका रोगाचे नाव होते. लक्षणे: खिन्नता, निद्रानाश, मंदावलेली भूक, ताप, छातीत धडधड. खात्रीचा उपाय एकच, रुग्णाला घरी पाठवणे.

३/
हा रोग स्विस तरुणांनाच अधिक जडतो, अशी तेव्हा समजूत होती. त्यामागे कारण होते. डोंगराळ प्रदेशात शेती तुटपुंजी, त्यामुळे स्विस प्रांत शतकानुशतके परकीय राजांशी करार करून आपल्या पलटणी भाड्याने देत. आल्प्सच्या कुरणांवर वाढलेला मुलगा फ्रान्सच्या किंवा हॉलंडच्या सपाट छावणीत येऊन पडे. करार संपेपर्यंत त्याला परतीची वाट नसे.

४/
१७१० साली बाझलचेच वैद्य थिओडोर झ्विंगर यांनी होफरचा प्रबंध नव्याने छापला आणि त्यात एका धूनीची स्वरलिपी जोडली. ही धून कानी पडताच स्विस सैनिकांना घराच्या ओढीचा झटका येतो, असे त्यांचे म्हणणे. वैद्यकाच्या पुस्तकात रोगाचे कारण म्हणून संगीत छापले गेले!

५/
ही धून होती गुराख्याची. जर्मनमध्ये 'कूराइहेन', फ्रेंचमध्ये 'रां दे वाश'. कुरणावर विखुरलेल्या गाईंना दोहनासाठी बोलावण्याची ही हाक. जागोजागी तिची निराळी रूपे होती. त्यांपैकी एक १५४५ सालीच छापले गेले होते. तिचे नाते आल्पहॉर्न या लांबलचक लाकडी शिंगाशी. त्याला छिद्रे नसल्याने निसर्गतः निघतील तेवढेच स्वर निघतात. त्यातला मध्यम तर शुद्ध आणि तीव्र यांच्या जवळजवळ मधोमध पडतो.

६/
मग एवढ्याशा धूनीने धिप्पाड शिपाई का कोलमडावा? अठराव्या शतकाच्या आरंभी निसर्गशास्त्रज्ञ शॉइख्झर यांनी या आजाराचे खापर हवेवर फोडले होते. डोंगरातल्या विरळ हवेत वाढलेले शरीर सखल प्रदेशातील जड हवेखाली दबते, असा त्यांचा तर्क. उपाय म्हणून त्यांनी रुग्णाला उंचावर नेण्यास सुचवले. देहाचे स्पष्टीकरण मिळाले. धूनीचे कोडे तसेच राहिले.

७/
ते उकलले ज्याँ-झाक रूसोने. रूसो तत्त्वचिंतक म्हणून प्रसिद्ध असला, तरी संगीत हा त्याचा पेशा होता. त्याने ऑपेरा रचला आणि स्वरलिपीच्या नकला करून पोट भरले. १७६८ च्या त्याच्या संगीतकोशात ही धून छापलेली आहे. ती वाजवण्यास स्विस पलटणींत मृत्युदंडाची धमकी देऊन बंदी होती, कारण ती ऐकून सैनिक रडत, पळून जात किंवा झुरून मरत, असे तो सांगतो. पुरावा देत नाही. सर्वश्रुत वार्ता म्हणून सांगतो.

८/
खरे मोल त्याच्या पुढच्या विचाराला आहे. या धूनीत असे सामर्थ्य शोधू गेल्यास सापडणार नाही, असे रूसो म्हणतो. परक्यावर तिचा असा परिणाम होतच नाही. ऐकणाऱ्याला ती त्याचा गाव, तारुण्य आणि जगण्याची रीत आठवून देते, आणि ते सारे गमावल्याचे दुःख त्याला रडवते. अशा वेळी संगीत हे स्मृतीची खूण म्हणून काम करते.

९/
याच्या नेमका उलटा विचार भारतात रुजलेला होता. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' ग्रंथात एकेका स्वराला रस नेमून दिले. गांधार आणि निषाद करुणाचे, मध्यम आणि पंचम हास्य-शृंगाराचे. येथे भाव स्वरातच वसतो. ऐकणाऱ्याच्या गतायुष्याची त्याला गरज नाही.

१०/
मग खरे कोण? १९९९ साली कॅनडातील बाल्कविल आणि थॉम्पसन या संशोधकांनी हिंदुस्थानी राग अपरिचित असलेल्या पाश्चात्त्य श्रोत्यांना ते ऐकवले. आनंद, दुःख आणि क्रोध त्यांनी बऱ्याच अंशी अचूक ओळखले. लय आणि सुरावटीची गुंतागुंत यांतून भाव परक्यालाही कळतो. मात्र भाव कळणे वेगळे आणि डोळे भरून येणे वेगळे.

११/
तो फरक २००१ मध्ये मॉन्ट्रियलला दिसला. ॲन ब्लड आणि रॉबर्ट झटोरे यांनी दहा जणांना अंगावर काटा आणणारे आपापल्या पसंतीचे संगीत आणायला सांगितले. मेंदूतील बदल तपासताना तुलनेसाठी प्रत्येकाला दुसऱ्याने निवडलेले संगीत ऐकवले. एकाला शहारे आणणारी रचना दुसऱ्यासाठी निव्वळ तुलनेचे साधन ठरू शकली. रूसोचा 'परका' प्रयोगशाळेत येऊन बसला होता.

१२/
२००९ मध्ये कॅलिफोर्नियातील पीटर जनाटा यांनी विद्यार्थ्यांना त्यांच्या लहानपणीची आणि किशोरवयातील लोकप्रिय गाणी ऐकवली. ज्या गाण्याने आयुष्यातील आठवण जागी केली, त्या वेळी कपाळामागील, मेंदूच्या मध्यरेषेलगतचा भाग अधिक सक्रिय झाला. 'स्मृतीची खूण' मेंदूच्या चित्रात दिसू लागली.

१३/
आज मानसशास्त्र दोन्ही पक्षांना जागा देते. युस्लिन आणि वेस्टफ्येल यांनी २००८ मध्ये संगीतातून भावना जागण्याच्या सहा वाटा मांडल्या: अवचित नादाने दचकणे, सहवासाने जडलेली सवय, सुरातील भावाची लागण, मनात उमटणारी चित्रे, गतप्रसंगाची आठवण आणि पुढच्या स्वराची अपेक्षा. शार्ङ्गदेवाचा विचार तिसरीच्या जवळचा. रूसो पाचवीवर उभा आहे.

१४/
आता पुन्हा त्या छावणीकडे पाहावे. बंदीची कथा खरी मानली, तर सेनापतींनी धूनीला गुन्हेगार ठरवले. रूसोचे म्हणणे मानले, तर धून ही केवळ साक्षीदार. सैनिकाला रडवणारी गोष्ट तिच्या आधीच घडून गेली होती: त्याचे गाव सुटले होते. ते करार मोडण्यापेक्षा शिंगाचा आवाज बंद करणे सोपे होते. नव्या करारांवर स्वित्झर्लंडने १८४८ च्या संघराज्य घटनेत बंदी घातली.

१५/
३ ऑगस्ट १८२९. पॅरिसमध्ये रोसिनीच्या 'विल्यम टेल' या ऑपेराचा पहिला प्रयोग झाला. त्याच्या प्रारंभिक वाद्यरचनेत 'रां दे वाश' घुमते. जगभर ती रम्य डोंगरी सकाळीचे संगीत म्हणून लाडकी झाली. त्या वर्षी पॅरिसमध्ये फ्रान्सच्या राजाच्या स्विस पलटणीही होत्या. नाट्यगृहातल्या रसिकाला जी धून सुंदर वाटली, तीच बराकीतल्या एखाद्या गुराख्याच्या पोराला घरची हाक वाटली असती. धून एकच, फरक ऐकणाऱ्याने काय गमावले आहे, एवढाच.