गाडी किती देते?

मोटारीविषयी जगात हजार प्रश्न विचारता येतील. मराठी माणूस एकच विचारतो, ‘‘किती देते?’’ इंजिन कसे आहे, ब्रेक लागतात का, दरवाजा एका आपटण्यात बसतो की तीन, ही चौकशी मागाहून, झालीच तर. म्हैस घेताना जो प्रश्न विचारायचा तोच मोटार घेताना विचारायचा आणि मालकानेही म्हशीच्या मालकासारखेच लिटरभर वाढवून सांगायचे, अशी ही जुनी रीत आहे. ‘‘गावात बारा, हायवेला पंधरा!’’ यातल्या ‘हायवेला’ या शब्दाकडे जरा लक्ष असू द्या. गावातले ॲव्हरेज शेजारीपाजारी पडताळून पाहू शकतात. हायवेचे ॲव्हरेज हे पूर्वजांच्या पराक्रमासारखे असते. ऐकून घ्यावे, मान हलवावी, पुरावा मागू नये.

माझे मामा मात्र पुराव्याचे भोक्ते. राहायला दादरला, सासुरवाडी पुण्याची. १९७५ च्या सुमारास त्यांनी एक सेकंडहँड फियाट घेतली आणि तेव्हापासून महिन्यातून एकदा सहकुटुंब पुणे हा नेम झाला. गाडीच्या खणात एक दोनशे पानी वही असे. तारीख, किलोमीटर, लिटर, माणसे किती, कॅरिअरवर सामान काय, असे तिच्यात लाल शाईने आखलेले रकाने. सामानाच्या रकान्यात त्यांनी एकदा मामीचे वजनही धरले. त्यानंतर दोन महिने वहीत नोंद नाही.

ही वही हौसेपोटी जन्माला आलेली नव्हती. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध पेटले, अरब देशांनी तेलाच्या तोट्या आवळल्या, आणि तीन डॉलरच्या आसपास मिळणारे तेलाचे पिंप १९७४ च्या जानेवारीत बाराच्या घरात गेले. आपल्याकडे पेट्रोल इतके भडकले की १२ नोव्हेंबर १९७३ रोजी अटलबिहारी वाजपेयी निषेध म्हणून चक्क बैलगाडीतून संसदेत पोचले. त्यामागचे राजकारण बाजूला ठेवू. पण हवेशी कमीत कमी भांडणारे वाहन म्हणून त्यांची निवड बिनतोड होती. ती कशी, ते पुढे येईलच.

तर मामांची वही. वर्षभराच्या नोंदींनंतर तिच्यातून एक चमत्कारिक गोष्ट बाहेर आली. गाडी तीच, माणसे तीच, हाकणारा तोच. पण मुंबईहून पुण्याला जाताना फियाट अकरा-साडेअकरा द्यायची आणि पुण्याहून मुंबईला येताना तेरा. दर खेपेला. मामा जाताना टाकी दादरला भरत, येताना पुण्यात. तेव्हा त्यांचा निष्कर्ष सरळ होता. ‘‘पुण्याच्या पेट्रोलात दम आहे!’’ सासुरवाडीच्या मंडळींनी हा शोध कोणतीही शंका न काढता स्वीकारला. एरवी जावयाच्या प्रत्येक विधानाला ‘‘कशावरून?’’ विचारणारी माणसे ती. दादरच्या पंपवाल्याकडे मात्र मामा पुढे कायम संशयाने पाहत राहिले.

खरी गोष्ट अशी की पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. आपण उंचावर आहोत हे पुणेकर पहिल्यापासून सांगतच होते, पण ते भूगोलाविषयीही बोलत असतील हे कोणाच्या लक्षात आले नाही. माणसे आणि सामान धरून बाराशे किलोंची मोटार एवढी वर उचलायला जी शक्ती लागते, ती खरे तर वाटीभर पेट्रोलात मावते. पण इंजिन हे मोठे उधळे यंत्र. पेट्रोलातल्या उष्णतेचा जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा ते चाकांपर्यंत पोचवते. बाकीचा रेडिएटरमधून आणि धुराड्यातून हवेत. त्यामुळे चांगल्या इंजिनालाही नुसत्या या उंचीसाठी पाऊण लिटर मोजावे लागते, मामांच्या फियाटीला पुरते लिटरभर. परतताना यातले थोडे परत मिळते. सगळे मिळत नाही, कारण घाटात माणूस ब्रेक दाबतो आणि दाबावाच लागतो. रेल्वेला हा हिशेब पहिल्यापासून ठाऊक आहे. चढणाऱ्या गाडीला कर्जतला मागून जादा इंजिने जोडतात ती याचसाठी. ती जोडेपर्यंत आपण वडे खातो, म्हणून आपले तिकडे लक्ष जात नाही इतकेच.

आता गावापेक्षा हायवेला गाडी जास्त का देते, तेही या ब्रेकमुळेच. गावात पेट्रोल जाळून वेग घ्यायचा आणि पुढच्या सिग्नलला तो ब्रेकच्या गरम पत्र्यांवर ओतून टाकायचा, हा दिवसभराचा धंदा. हायवेला घेतलेला वेग अंगाशी राहतो. पण म्हणून तिथे खाणारा कोणी नाही असे समजू नये. तिथला खाणारा दिसत नाही एवढेच. तो म्हणजे वारा, आणि तोही देवाने सोडलेला नव्हे, आपणच उठवलेला.

हवेला वजन असते हे आपण शाळेत शिकतो आणि परीक्षेनंतर विसरतो. ताशी ऐंशी किलोमीटरने जाणाऱ्या मोटारीच्या वाटेत दर सेकंदाला सुमारे पन्नास किलो हवा येते. म्हणजे एका सेकंदाला तांदळाचे एक पोते! ते बाजूला सारायचे, की पुढचे हजर. साठाच्या आसपास या हवेचा विरोध चाकांच्या घर्षणाला गाठतो आणि मग मागे वळून पाहत नाही. ऐंशीचे शंभर केले तर वेग सव्वापट होतो, पण हवेचा विरोध दीडपटीहून जास्त वाढतो. बैलगाडीचा हा खर्च शून्य. बैल गावात खातो तेवढेच हायवेला खातो.

हे गणित लोकांना फार पूर्वी कळले होते, हीच तर गंमत आहे. एडमुंड रुम्पलर हा विमाने बांधणारा गृहस्थ. त्याने १९२१ साली बर्लिनच्या मोटार प्रदर्शनात पाण्याच्या थेंबाच्या आकाराची एक मोटार मांडली. १९७९ मध्ये फोक्सवॅगनने ती आपल्या हवेच्या बोगद्यात ठेवून मोजली, तेव्हा तिचा विरोधांक ०.२८ भरला. आजच्या कित्येक मोटारी ०.३ च्या आसपास घुटमळतात, त्यावरून त्या माणसाची उडी ध्यानात येईल. पण गाडी खपली नाही. इंजिनाच्या तक्रारी होत्या, रूप विचित्र होते आणि मुख्य म्हणजे सामान ठेवायला जागा नव्हती. आमच्या मामीने तर ती पायरीवरूनच परत पाठवली असती. शेवटी त्यातल्या काही गाड्या ‘मेट्रोपोलिस’ या १९२७ च्या चित्रपटात जाळण्यासाठी वापरल्या. १९३४ साली अमेरिकेत क्रायसलरने ‘एअरफ्लो’ नावाची अशीच एक गुळगुळीत गाडी काढून पाहिली, तीही आपटली. गिऱ्हाइकाला वाऱ्याशी देणेघेणे नव्हते. त्याला भारदस्त बोनेट हवे होते.

आणि आपल्याला काय हवे होते? कॅरिअर! आधीच कपाटासारखी उभी असलेली फियाट. तिच्या टपावर लोखंडी पिंजरा, पिंजऱ्यात दोन ट्रंका, एक होल्डॉल, तांदळाचे पोते आणि वर फडफडणारी ताडपत्री. आत चारच गिअर. ऐंशीच्या पुढे काटा गेला की काचा, दरवाजे आणि मागे बसलेली मावशी एका सुरात थरथरू लागत. टपावरचे मोठे बोजड सामान मोठ्या वेगात दहा ते पंचवीस टक्के इंधन खाऊ शकते, असे अमेरिकेतल्या सरकारी चाचण्या सांगतात. मामांच्या वहीत सामानाचे वजन काट्यावर तोलल्यासारखे लिहिलेले आहे. ते वर होते की डिकीत, याचा रकानाच नाही. वास्तविक पोते सपाटीवर वजनाने फारसे खात नव्हते; खात होते ते वाऱ्यात तोंड वर काढून बसल्यामुळे.

१९७४ च्या जानेवारीत अमेरिकेने मात्र वाऱ्यावरच कायदा केला. सबंध देशात ताशी ५५ मैल, म्हणजे आपले ८८ किलोमीटर, याहून जास्त वेगाने हाकायचे नाही. हेतू एकच, पेट्रोल वाचवणे. अमेरिकन माणसाला हा कायदा आपल्याकडच्या दारूबंदीइतकाच प्रिय झाला आणि तितक्याच निष्ठेने पाळला गेला. पेट्रोल वाचले ते अपेक्षेपेक्षा फारच थोडे. पण कोणी न मागितलेली एक गोष्ट पदरात पडली. १९७३ साली त्या देशात रस्त्यांवर सुमारे ५४ हजार माणसे मेली होती. १९७४ साली ४५ हजार. लोक गाड्या कमी बाहेर काढत होते हेही कारण होतेच. पण वेग उतरला, हेही होते. वर्षाला नऊ हजार माणसे! ती कोण, हे कोणालाच कळले नाही, कारण ती आपापल्या घरी सुखरूप पोचून जेवायला बसली. जे होत नाही त्याची बातमी छापून येत नाही. १९९५ मध्ये, तेल स्वस्त झालेले असताना, तो कायदा रद्द झाला.

आपल्याकडे १९७८ साली पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था स्थापन झाली आणि ताशी ४५ ते ५५ किलोमीटरने गाडी चालवा असा उपदेश तिने चालू केला. त्या काळच्या रस्त्यांवर हा उपदेश पाळायला वेगळा मनोनिग्रह लागत नसे. पुढे ट्रक असला म्हणजे झाले. मग १४ डिसेंबर १९८३ ला मारुती आली. इंजिन ७९६ सीसी, वजनाला अँबॅसिडरपुढे सुपासारखी. देण्याच्या बाबतीत तिने जुन्या म्हशींची अब्रूच घेतली. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पुरा झाला. इंजिनांनी वाचवलेले पेट्रोल आपण त्या मार्गावर वेगाच्या रूपाने वाऱ्याला परत देऊन टाकले. मामांचे म्हणणे, पूर्वी गाडी खायची, आता रस्ता खातो.

या सगळ्या काळात ॲव्हरेज वाढवण्याची अस्सल देशी विद्या एकच, ती म्हणजे उताराला न्यूट्रल. खंडाळा सोडला की मामा गिअर काढत आणि मामी रामरक्षा सुरू करी. ती खोपोलीला संपे. कार्ब्युरेटरच्या गाडीत यातून खरेच थोडे वाचत असे, फार तर चहाचा कपभर. त्या कपासाठी इंजिनाचा आवर सुटत असे आणि उतरणाऱ्या गाडीचा सगळा भार एकट्या ब्रेकवर पडत असे. पुढे कार्ब्युरेटर गेले, इंधन मोजून फवारणारी इंजिने आली, आणि हिशेब नेमका उलटा झाला. या गाड्या गिअरमध्ये ठेवून पाय उचलला की उतारावर पेट्रोल साफ बंद करतात. चाकेच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केले तर इंजिन जिवंत ठेवायला पेट्रोल जाळावे लागते. म्हणजे जीव धोक्यात घालून वर खर्चही जास्त. एवढा तोट्याचा व्यवहार मामांनी शेअर बाजारातसुद्धा केला नव्हता.

पण विद्या मरत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या नवले पुलाजवळ कात्रजच्या उतारावरून आलेल्या एका ट्रकने चाळीसहून अधिक गाड्या ठोकरल्या. आधी म्हणाले, ब्रेक निकामी झाले. तपासणीत ब्रेक ठीक निघाले. डिझेल वाचवायला चालकाने उतारावर इंजिन बंद केले होते, असे मग सांगण्यात आले. मी ही बातमी मामांना वाचून दाखवली. ते नव्वदीला टेकलेले, कानाला यंत्र. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘मालक डिझेलवरून पगार कापत असेल रे त्याचा.’’ मामा चाळीस वर्षे हिशेबखात्यात होते. त्यांना रकान्यापलीकडचा माणूस कधीकधी आमच्याआधी दिसतो.

बाकीच्या गोष्टी किरकोळ. चाकात हवा कमी असली की गाडी चिखलातून चालल्यासारखी ओढते, ती महिन्यातून एकदा तपासावी. काचा उघड्या की एसी, हा नवराबायकोंमधला वाद वेगावर सोडवावा: गावात काचा, हायवेला एसी. मोठ्या वेगात उघड्या खिडकीतून वारा आत शिरून गाडीला मागे खेचतो.

आता वहीची गरज उरलेली नाही. माझ्या मामेभावाच्या गाडीत समोरच्या पडद्यावर ॲव्हरेजचा आकडा दर क्षणाला हलत असतो. परवा त्याच्याबरोबर पुण्याला गेलो. सपाटीवर मोटारींना शंभराची मर्यादा आहे, तो बरोबर शंभरावर होता. पडदा सतरा दाखवत होता. मी म्हटले, ‘‘जरा ऐंशीवर घे बघू.’’ त्याने घेतली. आकडा हळूहळू चढत विसावर जाऊन बसला. मी हिशेब सांगितला: साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा रस्ता, सबंध ऐंशीने गेलास तरी चौदा मिनिटे जास्त, आणि पेट्रोल वाचते लिटरला थोडे कमी.

‘‘चौदा मिनिटं?’’ तो म्हणाला. ‘‘चौदा मिनिटं म्हणजे काय थोडी झाली का रे?’’ आणि पुन्हा शंभर केले.

मग आम्ही फूड मॉलवर थांबलो. वड्यांच्या रांगेत पस्तीस मिनिटे गेली.