रे रोड : चौदा वर्षांचे टोक

हार्बर मार्गाने जाणाऱ्या उतारूस रे रोड हे डॉकयार्ड रोड व कॉटन ग्रीन यांमधले एक स्थानक, इतकेच ठाऊक असते. गाडी क्षणभर थांबते व पुढे निघते. परंतु एके काळी ती येथे थांबे, ती पुढे रूळच नव्हते म्हणून. १२ डिसेंबर १९१० रोजी जी. आय. पी. रेल्वेचा कुर्ल्यापासूनचा फाटा सुरू झाला, त्याचे शेवटचे ठाणे रे रोड हे होते.

बोरीबंदर हाकेच्या अंतरावर असता रूळ येथेच का अडावेत? याचे उत्तर आम्हांस भोवतालच्या जमिनीत दिसते. पोर्ट ट्रस्टने १९०८ ते १९१२ या काळात माझगाव-शिवडीच्या किनाऱ्यावर भराव घालून समुद्र मागे हटविला. त्या नव्या, मोकळ्या भूमीच्या कडेने रूळ टाकणे सोपे होते. माझगावच्या दक्षिणेस मात्र डोंगरी व मशीद बंदर येथली दाट वस्ती, आणि गोदीकडे मालाची ने-आण करणारे गजबजलेले रस्ते. तेथून जमिनीवरून आगगाडी नेणे म्हणजे शहराच्या व्यापाराची नाडीच आवळणे! अखेर मार्ग कमानी व खांबांवर उचलूनच न्यावा लागला; या कामास चौदा वर्षे लोटली. तोवर शहरात जाणाऱ्यास रे रोडला उतरून पुढची वाट आपली आपण धरावी लागे.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याकडे हिंदुस्थानातील पहिली विजेची गाडी धावली. गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते झालेल्या त्या समारंभाचे वर्णन रेल्वेच्या प्रत्येक इतिहासात सापडते. विजेच्या त्या झगमगाटात एक गोष्ट मात्र झाकली गेली. त्याच मार्गाने रे रोडचे टोकपण संपविले. पुढे ३१ डिसेंबर १९३० रोजी बी. बी. सी. आय. रेल्वेचे कुलाबा स्थानक बंद झाले, त्याविषयी हळहळणारे पुष्कळ निघाले. कारण ते नाहीसे झाले. रे रोड जागेवरच राहिले, म्हणून त्याचे काही गेले हे कोणाच्या ध्यानी आले नाही.

आता नावाविषयी. लॉर्ड रे हे १८८५ ते १८९० पर्यंत मुंबईचे गव्हर्नर होते. स्कॉटलंडातील मॅके कुळाचे हे प्रमुख जन्मले मात्र हॉलंडात, आणि वयाच्या अडतिसाव्या वर्षी ब्रिटिश प्रजाजन झाले. विद्याव्यासंगी गृहस्थ, ब्रिटिश अकादमीचे पहिले अध्यक्ष तेच. परंतु येथे पहिली गाडी आली तेव्हा त्यांना मुंबई सोडून वीस वर्षे झाली होती, आणि शेजारच्या वस्तीला घोडपदेव हे आपले नाव होतेच. जुलै १९२४ नव्हे, शंभर वर्षांनी, जुलै २०२४ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने हेच नाव स्थानकास द्यावे असा ठराव केला. त्यास आमचा विरोध नाही. देवाचे नाव वस्तीच्या तोंडी होते. लाटसाहेबांचे केवळ पाटीवर. आमचे मागणे एवढेच, की नव्या पाटीखाली १९१० हे साल लिहावे, आणि कुर्ल्याहून आलेली गाडी येथून मागे फिरत असे, हेही लिहावे. डॉकयार्ड रोडकडे निघालेली गाडी चढ चढू लागते, तेथे तो जुना फाटा संपतो. पण खिडकीतून पाहणाऱ्यास तसे सांगणारी एकही खूण आम्हांस आढळली नाही.