शेल्याआधीचा रंगमंच
मारिआनो फोर्च्युनी वस्त्रकार म्हणून गाजला, तरी त्याच्या रेशमाची मुळे रंगमंचावर आहेत. १९०० साली मिलानच्या स्काला नाट्यगृहात त्याने वाग्नरच्या 'ट्रिस्टान' या ऑपेराचे नेपथ्य केले; रंगमंचासाठी परावर्तित प्रकाशाची पद्धतही त्याचीच. त्याचा छापील रेशमी 'नॉसोस' शेला १९०६मध्ये पॅरिसच्या एका खाजगी नाट्यगृहात नृत्यप्रयोगात आधी दिसला, बाजारात नंतर. नक्षी तर प्राचीन क्रीटची, मग श्रेय रंगमंचाला कशाला, असे कोणी म्हणेल. आकृत्या तिथल्या, हे खरेच. पण शेला आयताकृती, न शिवलेला, आपल्या उपरण्यासारखा हवा तसा घ्यायचा. चुणी पडली की नक्षी मोडते, हात उचलला की उलगडते. हलत्या देहाचा हा हिशेब उत्खननातल्या ठिकऱ्यांवरून सुचत नाही. तो नाट्यगृहातलाच असावा, आणि त्यानंतरच्या चुणीदार 'डेल्फॉस' झग्यातही तो दिसतो.