गवतावरचं पहिलं पाऊल

३१ जानेवारी १९६१ रोजी अमेरिकेने एका लहानग्या चिंपांझीला रॉकेटमधून अवकाशात धाडलं. निळा दिवा लागला की कळ ओढायची आणि चुकलं की तळपायाला विजेचा झटका, असं त्याचं शिक्षण झालं होतं. उड्डाणापर्यंत तो फक्त ‘६५ नंबर’ होता. साडेसोळा मिनिटांनी तो जिवंत परतला, तेव्हा जगाला त्याचं ‘हॅम’ हे नाव कळलं. मेला असता तर लोकांनी नाव घेऊन हळहळायला नको, असा हिशोब होता.

पुढे १९६३ पासून सतरा वर्षं हा हिरो वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयात बहुतेक एकटाच राहिला.

निदान त्याला नाव तरी मिळालं. हवाई दलाने अवकाश मोहिमांसाठी आफ्रिकेतून आणलेल्या बाकीच्या चिंपांझींची काय गत झाली? माणूस अवकाशात गेल्यावर त्यांचं काम संपलं आणि ते वैद्यकीय प्रयोगांकडे वळवले गेले. त्यांची पिल्लं पिंजऱ्यातच जन्मली. ऐंशीच्या दशकात एड्सवरील संशोधनासाठी अमेरिकेत चिंपांझींची मुद्दाम पैदास झाली. पण एचआयव्ही टोचूनही त्यांना एड्स क्वचितच झाला. प्रयोग फसला, प्राणी उरले. आणि चिंपांझी पन्नास वर्षंही जगतो.

१९९७ मध्ये हवाई दलाने आपले चिंपांझी ‘जादा’ ठरवले, गोदामातल्या मालासारखे. त्यातले बहुतेक न्यू मेक्सिकोतल्या कूलस्टन फाउंडेशन या प्रयोगशाळेला मिळाले. प्राण्यांच्या हेळसांडीबद्दल सरकारनेच तिच्यावर ठपका ठेवलेला होता. कॅरोल नून ही अभ्यासक कोर्टात गेली. १९९९ मध्ये तडजोड होऊन तिच्या ताब्यात २१ चिंपांझी आले. त्यांच्यासाठी तिने फ्लोरिडात, संत्र्याच्या एका जुन्या बागेच्या जागी, बेटं तयार केली. चिंपांझींना पोहता येत नाही, त्यामुळे भोवतालचं पाणी हेच कुंपण.

२००२ मध्ये कूलस्टनचं दिवाळं निघालं आणि तिथल्या २६६ चिंपांझींची जबाबदारी नूनच्या ‘सेव्ह द चिम्प्स’ या संस्थेवर आली.

तुम्हाला वाटेल, आता ट्रकमध्ये घालायचं आणि बेटावर सोडायचं. पण वर्षानुवर्षं एकट्याने कोंडलेल्या प्राण्याला सोबत कशी करायची हेच माहीत नसतं. अनोळखी नर एकमेकांना रक्तबंबाळ करू शकतात. म्हणून आधी जाळीआडून ओळख, मग दोघांची भेट, मग तिसरा, असं एकेक कुटुंब जुळवावं लागलं. शेवटची तुकडी फ्लोरिडात पोचायला डिसेंबर २०११ उजाडलं. नून २००९ मध्येच गेली होती.

दार उघडल्यावरही काही जण उंबऱ्यातच थबकले. आयुष्यभर सिमेंट आणि लोखंड तुडवलेल्या पायांना गवताची भीती वाटत होती.

२०१५ मध्ये अमेरिकी सरकारच्या आरोग्य संस्थेने चिंपांझींवरचे प्रयोग थांबवल्याचं जाहीर केलं. तरी २०१९ मध्ये त्याच संस्थेने न्यू मेक्सिकोत उरलेल्या ४४ चिंपांझींना अभयारण्यात न हलवण्याचं ठरवलं. कारण? म्हातारे आणि आजारी आहेत, प्रवास झेपणार नाही. २०२२ मध्ये कोर्टाने हा निर्णय बेकायदा ठरवला.

त्यांना तिथे म्हातारं कोणी होऊ दिलं, हा प्रश्न मात्र कोणत्याच निकालाने सुटत नाही.