वऱ्हाडचें क्रीडांगण आणि त्याचे गुरु

कॉलेजचा विद्यार्थी शर्यतींत पहिला आला म्हणजे टाळ्या त्याच्या वांट्यास येतात. त्याच्या पायांना वळण लावणाऱ्या शिक्षकाचें नांव क्वचितच कोणी विचारतो. हा शिक्षक कोठून येतो, या प्रश्नाचें उत्तर वऱ्हाडच्या इतिहासांत अमरावतीच्या एका आखाड्याशीं जाऊन पोहोंचतें.

अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं अमरावतीस हनुमान आखाडा काढला. पुढें त्याचेंच श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालें. या नांवांतील 'प्रसारक' हा शब्द महत्त्वाचा आहे. एक पैलवान तयार करणें निराळें आणि शंभर मुलांना शिकवूं शकेल असा शिक्षक तयार करणें निराळें. मंडळानें हें दुसरें, अधिक चिकाटीचें काम हातीं घेतलें.

त्या कामाची निकड पुण्याच्या एका प्रसंगावरून कळते. १९१९ सालीं डेक्कन जिमखान्याच्या सामन्यांत सर दोराबजी टाटांनीं शेतकऱ्यांचीं मुलें अनवाणी धांवतांना पाहिलीं व त्यांचा वेग पाहून ते चकित झाले. त्यांच्या खटपटीनें १९२० सालीं अँटवर्प येथील ऑलिंपिकला जो संघ गेला, त्यांत बेळगांवकडील फडेप्पा चौगुले होते. ४२ किलोमीटर ७५० मीटरांच्या त्या मॅरेथॉनमध्यें त्यांचा क्रमांक १९ वा लागला. दम आपल्या मुलांत होताच. उणीव होती ती त्याला लहानपणापासून शास्त्रशुद्ध वळण देणाराची.

१९२३ सालीं अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज निघालें आणि पुढें अकोल्यासहि उच्च शिक्षणाची सोय झाली. परंतु वऱ्हाडांत संघ तयार करणाऱ्याला पहिला झगडा भूमीशींच करावा लागतो. कपाशीची काळी जमीन पावसाळ्यांत पायाला चिकटते आणि उन्हाळ्यांत भेगाळते. म्हणून धांवपट्टी करावयाची तर मुरूम पसरून रूळ फिरवावा लागतो. अकोल्याचा पारा उन्हाळ्यांत ४५ अंशांच्या घरांत जातो. तेव्हां सराव उजाडण्यापूर्वींच उरकला पाहिजे. राहतां राहिले दिवाळीपासून होळीपर्यंतचे दिवस. पण त्याच वेळीं परीक्षा जवळ येते आणि घरोघर 'अभ्यास बुडेल' ही तक्रार सुरू होते. शिक्षकाला मुलाइतकीच त्याच्या वडिलांचीहि समजूत घालावी लागते.

पुन्हां संघ म्हणजे एकाच तालमीनें घडणारी वस्तु नव्हे. गोळा फेंकणारास खांद्याचें बळ हवें, लांब उडीला पावलांचा हिशेब हवा. रिलेमध्यें चार वेगवान मुलें असूनहि दांडी देतां-घेतां हात चुकला तर सारें फुकट जातें. वांकून धांव सुरू करण्याची रीत १८९६ सालीं अथेन्सला अमेरिकेच्या टॉमस बर्कनें वापरून शर्यत जिंकली, तेव्हां ती लोकांस नवलाची वाटली होती. ज्या मुलानें खोखोच्या पाटींत बसून खो मिळतांच झेप घेतली आहे, त्याला मात्र ती फारशी परकी वाटूं नये. मलखांबावर कमावलेली पकड व खांदे बांबूउडीस उपयोगी पडतात. देशी आणि विदेशी व्यायामांचें वैर मानण्याचें कारण नाहीं. एकाच्या पायावर दुसऱ्याची इमारत उभी राहूं शकते.

१९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळीं मंडळाच्या पथकानें तेथें देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें केलीं. जेसी ओवेन्सनें चार सुवर्णपदकें मिळविलीं तीं याच ऑलिंपिकांत. वऱ्हाडी तरुण तेथें केवळ प्रेक्षक म्हणून गेले नव्हते. आपल्याजवळचें कांहीं देण्यासाठीं गेले होते.

या परंपरेला कॉलेजचें रूप १९६७ सालीं आलें. त्या वर्षीं मंडळानें अमरावतीस शारीरिक शिक्षणाचें पदवी महाविद्यालय सुरू केलें. पुढें १९८३ सालीं अमरावतीस स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झालें आणि पूर्वीं नागपूरच्या विद्यापीठाखालीं खेळणारीं वऱ्हाडचीं कॉलेजें स्वतःच्या विद्यापीठाच्या नांवानें मैदानांत उतरूं लागलीं.

पदक एका मुलाच्या गळ्यांत पडतें आणि त्याच्या घरीं राहतें. त्याच मैदानांतून एक चांगला शिक्षक बाहेर पडला, तर तो ज्या गांवीं जाईल तेथें मैदान उभें करील. वैद्य बंधूंच्या आखाड्यानें हा हिशेब ओळखला होता. आपला मुलगा पहांटे मैदानावर जावयास निघाला असतां त्याला अडविणाऱ्या सुशिक्षित गृहस्थानेंहि तो एकवार मांडून पाहावा.