मीटर, फूटपट्टी आणि मावळातील मूल

वजनमापांच्या प्रमाणीकरणाचा कायदा १९५६ साली संमत झाला व लांबीचे एकक म्हणून मीटर मान्य झाला. मावळातील प्राथमिक शाळांपुढे त्यामुळे आलेला प्रश्न केवळ गणिताचा नव्हता, भाषेचाही होता. बारा अंगुळांची वीत, दोन वितींचा हात ही मापे मुलाच्या अंगावरच होती. मीटर कोणाच्याच देहात नाही. तरीही 'हातभर'च्या चालीवर 'मीटरभर कापड' रूढ झाले, हे भाषेचे औदार्यच म्हणावयाचे. उलट पट्टीवर ३० सेंटिमीटरांच्या रेघा आल्या, नाव मात्र 'फूटपट्टी'च राहिले. वास्तविक फूट ३०.४८ सेंटिमीटरांचा. नऊवारीला ८.२३ मीटरांची साडी कोण म्हणेल?

जमिनीच्या बाबतीत हे द्वैत महाग पडते. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते, तर लोणावळा-मावळातील सौदा गुंठ्यात बोलला जातो. गुंठा म्हणजे ३३ फूट बाजूचा चौरस, सुमारे १०१.१७ चौरस मीटर; आर नेमका १०० चौरस मीटरांचा. दोन्ही एकच मानल्यास ४० गुंठ्यांच्या एकरात सुमारे ४७ चौरस मीटरांची, म्हणजे जवळजवळ अर्ध्या गुंठ्याची चूक होते. घरातील सातबारा वाचून दाखविण्याचे काम पुष्कळदा शाळेत जाणाऱ्या मुलाकडेच येते.