दिव्यकृती सिंह: घोडेस्वारीत अर्जुन पुरस्कार मिळवणारी पहिली भारतीय महिला

अंबरपेठेत राहणाऱ्या आपल्यासारख्यांना घोडा म्हटला की मुसीपलीकडचे मलकपेटचे रेसकोर्स आठवते. पण दिव्यकृती सिंह यांचा खेळ शर्यतीचा नाही. त्याला ड्रेसाज म्हणतात. यात वेगाला गुण नाहीत. ६० बाय २० मीटरच्या मैदानात घोड्याकडून ठरलेल्या हालचाली करून घ्यायच्या: साधी चाल, दुडकी, तिरपी चाल, वळणे. तोंडाने आवाजही काढायचा नाही. जे सांगायचे ते बैठकीने, पायाने आणि लगामाने. पंच प्रत्येक हालचालीला १० पैकी गुण देतात आणि शेवटी टक्केवारी निघते.

या खेळात महिलांचा वेगळा गट नसतो, पुरुषांबरोबरच उतरावे लागते. १९४८ पर्यंत ऑलिंपिकमध्ये हा प्रकार फक्त लष्करी अधिकाऱ्यांसाठी होता. १९५२ मध्ये हेलसिंकीला महिलांना प्रवेश मिळाला आणि डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी लगेच रौप्यपदक मिळवले. पोलिओमुळे त्यांचे पाय गुडघ्याखाली निकामी झालेले होते!

दिव्यकृती मूळच्या जयपूरच्या. अजमेरच्या मेयो कॉलेज गर्ल्स स्कूलमध्ये त्यांचे शिक्षण झाले. पुढे सरावासाठी त्या जर्मनीत राहिल्या. कोविडमुळे वर्षभर लांबलेल्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत त्या ॲड्रेनलिन फिरफोड या घोड्यावर उतरल्या. वय २३.

२६ सप्टेंबर २०२३ रोजी सांघिक ड्रेसाज झाले. संघात चार स्वार, त्यांतले सर्वोत्तम तिघांचे गुण धरतात. कोलकात्याचे अनुष अगरवाला ७१.०८८, मुंबईचे हृदय छेडा ६९.९४१, दिव्यकृती ६८.१७६. एकूण २०९.२०५ आणि सुवर्णपदक. चीन २०४.८८२ वर, हाँगकाँग त्याच्या किंचित मागे. घोडेस्वारीतले भारताचे हे १९८२ च्या दिल्ली स्पर्धेनंतरचे पहिले सुवर्ण, ड्रेसाजमधले तर पहिलेवहिले.

चौथ्या स्वार होत्या इंदूरच्या सुदीप्ती हजेला, वय २१. त्यांचे ६६.७०६ गुण बेरजेत आले नाहीत, म्हणून बातम्यांतही त्या थोड्या मागेच राहिल्या. बँकेतली सवय सुटत नाही, तेव्हा आम्ही दिव्यकृतींच्या जागी सुदीप्तींचे गुण मांडून पाहिले. बेरीज येते २०७.७३५, म्हणजे तरीही चीनपेक्षा जवळजवळ तीन गुण जास्त. दोघींपैकी एकीचा घोडा बिथरला असता तरी दुसरीच्या गुणांवर सुवर्ण आलेच असते. संघात चौथा स्वार असतो तो याचसाठी.

९ जानेवारी २०२४ रोजी राष्ट्रपती भवनात द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते दिव्यकृतींना अर्जुन पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार १९६१ पासून दिला जातो. घोडेस्वारीत तो महिलेला मिळायला बासष्ट वर्षे लागली.